नियम क्रमांक नऊ

मी स्टुलावर चढत नाही. घरातली ट्यूबलाइट गेली की बायको स्टुलावर चढते आणि मी खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस बायकोला किती जपतो. खरं म्हणजे मी स्टूल धरतो ते स्वतःच्या आधारासाठी. ती वर चढली की खाली मला गरगरतं. हैदराबादेत हिमायतनगरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गॅलरीत कपडे वाळत घालण्याचं काम मी लग्न झाल्यापासून काही ना काही तत्त्व काढून टाळत आलो आहे.

अशा माणसाला नोकरी मिळाली ती रिंग रोडच्या पलीकडच्या एका अम्यूझमेंट पार्कमध्ये. आकाशपाळणे, उलटे टांगणाऱ्या होड्या, पोटातलं पाणी हलवणारी सगळी यंत्रं तिथं आहेत. त्यातल्या एकावरही मी कधी बसलो नाही. माझं काम कागदाचं. कुठला बोल्ट कधी तपासला, कुठला परवाना कधी संपतो, पाळण्यापुढच्या फलकावर काय लिहायचं, हे सगळं माझ्याकडे. माझी केबिन तळमजल्यावर आहे. ती मी मागून घेतली होती.

एका दसऱ्याला सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घालून झाल्या, फाटकात कोहळा फुटला, आणि त्या फुटक्या कोहळ्याशेजारी उभं राहून आमच्या एमडींनी जाहीर केलं की आपण देशातला सगळ्यात उंच रोलर कोस्टर बांधणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या, कारण माझ्या मते बांधायचा तो इंजिनिअरांनी आणि बसायचं ते पब्लिकनं.

नकाशे येऊ लागले. हे नकाशे म्हणजे चादरीएवढे कागद. एक आवृत्ती रद्द झाली की मी ती गुंडाळून घरी आणायचो, कारण माझ्या आईला पाठकोरा कागद वाया गेलेला बघवत नाही. आई सुलतान बाजारच्या बाजूला एका मराठी शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली. त्या कागदांचे चौकोन कापून ती शेजारच्या तेलुगू पोरांची शिकवणी घ्यायची आणि उरलेल्या कागदांनी स्वयंपाकघरातली फडताळं मढवायची. कापण्याआधी मात्र नकाशा जमिनीवर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवायचे आणि चष्मा नाकावर ओढून आई त्यावर वाकायची.

"हा चढ इतका उभा कसा काय ठेवायलेत?" ती विचारायची. "आणि इथं वळणाची त्रिज्या कमी केलास का?"

"मी कुठं केली? इंजिनिअरांनी केली."

"मग तू काय करायलास तिथं?"



पहिल्यांदा विमानांची अडचण आली. आमचा कळस म्हणे त्यांच्या वाटेच्या फार जवळ जात होता, तेव्हा उंची कमी करा. कमी केली. मग जमीन खणायला घेतली आणि खाली तेच निघालं जे हैदराबादेत कुठंही खणलं की निघतं. दगड. वर तर दोन शिळा अशा होत्या की हत्ती बसल्यासारख्या, आणि त्या फोडायला परवानगी मिळेना. शेवटी रूळ वाकवून दोन शिळांच्या मधून काढायचा ठरला, आणि तसं करताना उंची आणखी उतरली. आमच्या फडताळात हा सगळा इतिहास जपून ठेवलेला होता. सगळ्यात खाली, तांदळाच्या डब्याखाली, देशातला सगळ्यात उंच कोस्टर. मधल्या खणात, डाळींखाली, दक्षिणेतला सगळ्यात उंच. वरच्या खणात, लोणच्याच्या बरण्यांखाली, जो प्रत्यक्षात होणार होता तो.

एमडी मात्र विक्रमावर अडून बसले. पोस्टर छापून झाली होती, त्यावर 'विक्रम' हा शब्द होता, तेव्हा तो कशाचा हे शोधून काढणं कागदाच्या माणसाकडे आलं. मी दोन आठवडे घालवले. उंचीत जमेना, वेगात जमेना. शेवटी 'दोन नैसर्गिक शिळांमधून जाणारा देशातला सर्वात लांब रोलर कोस्टर' असं बसवलं. त्याला प्रतिस्पर्धी नव्हता, कारण दोन शिळांमधून जायची पाळी देशात दुसऱ्या कुणावर आली नव्हती.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. "आमच्या शाळेत एक पोरगं होतं," ती म्हणाली. "दर वर्षी नापासांत पहिलं यायचं. त्याची आई पेढे वाटायची."

बायको हसली. ती पुण्याची आहे. हसली की हिशोबात धरायचं असतं.

पुण्याचाच विषय निघालाय तर माझं तोंड कुठं सुटलं तेही सांगतो. बायकोच्या भाचीचं लग्न होतं. जेवणाच्या पंक्तीत मेव्हणा म्हणाला, "तुमच्या हैदराबादेत बरं असतं बुवा. बिर्याणी खायची, पान लावायचं, झोपायचं." त्याच्या बोलण्यात नवीन काही नव्हतं, पंचवीस वर्षं तो हेच म्हणतोय. पण त्या दिवशी मी जिलबीच्या दुसऱ्या फेरीवर होतो. मी कोस्टरचं सगळं सांगितलं. सुरुवातीची उंची सांगितली, म्हणजे तांदळाच्या डब्याखालची. आणि वर म्हणालो, "पहिल्या दिवशी, पहिल्या गाडीत, पहिल्या सीटवर मी बसणार."

समोरच्या रांगेतून आई म्हणाली, "आणि त्याच्या शेजारी मी."

टाळ्या पडल्या. बायको माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "अहो, आणि स्टूल?"

मला वाटलं होतं आई परतीच्या प्रवासात विसरेल. ती बहात्तरची आहे, पण विसरणं हा तिचा विषय नाही. हैदराबादला आल्यावर तिनं हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून घेतल्या. पाठीचा एक्स-रे काढला. चपला चालत नाहीत हे कळल्यावर आबिड्सला जाऊन नाडीचे कॅनव्हासचे बूट आणले, पांढरे, आमच्या शाळेत ड्रिलला असायचे तसले, आणि रोज संध्याकाळी नऊवारीवर ते घालून गॅलरीत फेऱ्या मारू लागली. शिकवणीची पोरं विचारायची, "अम्मम्मा, कहाँ जा रहे?" आई म्हणायची, "परवलय पे." पस्तीस वर्षं तिनं फळ्यावर परवलय, चढून उतरणारं ते गणितातलं वळण, काढलं होतं. त्यावरून खाली यायची संधी कुणी दिली नव्हती.

इकडे माझी झोप उडाली. कोस्टर उभा राहिला होता. पाण्यानं भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे त्यात बसवून दिवसभर फिरवत होते. मी केबिनच्या खिडकीतून बघायचो आणि त्या पुतळ्यांबद्दल मला आदर वाटायचा.

मग फलकाचं काम आलं. बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात प्रवाशांसाठी आठ अटी होत्या. उंची इतकी हवी, हृदयविकार नको, पाठीचं दुखणं नको, सैल चपला नकोत वगैरे. मी त्या चार भाषांत उतरवल्या. तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी. मराठीचं कुणी विचारलं नाही. रंगाऱ्यानं फलकावर नऊ ओळी आखून ठेवल्या होत्या. नववी रिकामी होती.

रिकामी ओळ ही फार वाईट गोष्ट आहे. मी तिच्याकडे सकाळभर बघत बसलो आणि जेवणानंतर लिहिलं: 'पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींना प्रवेश नाही.'

मी कागदोपत्री छप्पन्नचा आहे. पन्नास लिहिलं असतं तर बायको अडकली असती आणि चौकशी झाली असती. साठ लिहून माझा काही फायदा नव्हता. पंचावन्न कसं जबाबदार वाटतं, जणू समिती बसून ठरवलंय. आईचं वय तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आलं होतं.

एमडींनी सही केली. ते माझ्या कागदांवर सही करतात तेव्हा फोनवर बोलत असतात. फलक लागला.

घरी मी चेहरा पाडून गेलो. "वयाची अट आली," म्हणालो. "पंचावन्न. माझंही गेलं, तुझंही गेलं."

आईनं चष्मा काढला. "कुणी घातली?"

"वरून आली."

"कंपनीच्या पुस्तकात होती का?"

"मॅनेजमेंट आहे, आई. त्यांना काय विचारणार."

मी वाद अपेक्षिला होता. त्याची उत्तरंही बसमध्ये तयार केली होती. पण उशिरा आलेल्या पोराला दारातून परत पाठवणारी ती बाई, नियम म्हटल्यावर तिनं मान डोलावली. बूट खोक्यात ठेवले, नाड्या आत दुमडल्या आणि खोकं कपाटावर सरकवलं. त्या संध्याकाळी ती गॅलरीत गेली नाही.

बायकोनं मला चहा देताना विचारलं, "वर म्हणजे नक्की कुठं हो? तुमची केबिन तर खाली आहे."

मी चहा भाजतोय असं म्हणालो.

पुढचे पंधरा दिवस आई तिची ट्रंक उघडून बसायची. जुने दाखले, शाळेचे कागद, पिवळे पडलेले लिफाफे. मला वाटलं, आपलं वय कमी दाखवणारं काहीतरी शोधते आहे. आमच्याकडे तसं सापडूही शकतं. जुन्या निजामी मुलखातल्या मराठी घरांत अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, कारण पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे आणि वर्ष अंदाजानं. आईची एक जून, काकांची एक जून, माझीही एक जून. पण कितीही ओढलं तरी बहात्तरचे पंचावन्न होत नाहीत, हे गणिताच्या बाईंना मी कसं सांगणार?

उद्घाटनाआधी एक दिवस कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी होता. फोटोवाले आले होते. माझं नाव पहिल्या गाडीच्या यादीत तसंच राहिलं होतं, कारण ते मी काढलं तर फुशारकी मारणारा पळाला असं दिसलं असतं. फलकानं अडवलं असं दिसायला हवं होतं. आई आणि बायको कठड्यापलीकडे उभ्या होत्या. बायकोच्या खांद्याला मोठी पिशवी होती.

फाटकावर करीमनगरकडची एक ऑपरेटर बाई आहे. तिचं प्रशिक्षण मी घेतलं होतं, आणि त्यात मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की प्रत्यक्ष एमडी आले तरी कार्ड बघायचं.

एमडी पुढं झाले. फोटोवाल्यांनी कॅमेरे उचलले. तिनं कार्ड मागितलं, बघितलं, आणि म्हणाली, "सार, फिफ्टी-नाइन. नहीं होता."

"अम्मा, ये पूरा मेरा है," एमडी म्हणाले.

"सार, रूल भी आपका है. नीचे आपका साइन है."

एमडींनी फलक वाचला. माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं माझं कार्ड पुढं केलं. "छप्पन," ती म्हणाली, "आपका भी नहीं होता, सार." मी आरशासमोर तयार केलेला दुःखी चेहरा केला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

"थांब, बाई," कठड्यापलीकडून आवाज आला.

आई पुढं आली. तिच्या हातात लाल कापडात गुंडाळलेली पत्रिका होती. माझी.

"ये तारीख मैं लिखाई," ती ऑपरेटरला म्हणाली. "झूटी लिखाई." आणि मग हिंदी अपुरं पडल्यासारखं मराठीत सुरू झाली, सगळ्यांसमोर. हा लहान असताना घरी सांभाळायला कुणी नव्हतं. शाळेत माझ्या वर्गात बसला तर डोळ्यासमोर राहील म्हणून हेडमास्तरांना सांगून त्याचं वय सव्वा वर्षानं वाढवलं. खरं तर त्याला पंचावन्न पुरी व्हायला अजून दोन महिने आहेत. हे बघा, ज्योतिष्यानं घटिका-पळं सगळं लिहिलंय. "चूक माझी आहे. त्याची शिक्षा ह्याला नका देऊ."

मग माझ्याकडे वळली. "पंधरा दिवस मला चैन नाही बघ. एवढा धीर करून बोललास तू चारचौघांत, आणि माझ्यामुळं तुझी सीट जायलीय."

ऑपरेटर बाईला मराठी येत नव्हतं आणि पत्रिका वाचता येत नव्हती. पण एमडींना मतलब कळला. "अरे जाने दो इनको," ते म्हणाले. "अम्मा से बड़ा कागज कौन सा होता जी? कोई तो बैठो, फोटोवाले धूप में खड़े हैं."

ऑपरेटरनं नाइलाजानं फाटक उघडलं. पलीकडे रिकामी गाडी उभी होती, पहिली सीट, शेजारची सीट. छातीत कळ आणावी असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण पार्कचे डॉक्टर दहा पावलांवर होते आणि ते कामात चोख आहेत. मी आईकडे पाहिलं. ती पत्रिका पुन्हा कापडात गुंडाळत होती, माझं काम झालं म्हणून समाधानात. पायात तिच्या रोजच्या चपला होत्या. स्वतः बसायचं आहे हे तिनं कुणाला सांगितलंही नाही.

"रूल ही गलत है," मी ऑपरेटरला म्हणालो. "किताब में नहीं है."

"फिर लिखके दो, सार," ऑपरेटर म्हणाली आणि फळीवरून फॉर्म काढला. नियमात बदल करण्याचा फॉर्म. तोही माझाच. त्यात कारणाचा रकाना आहे आणि त्यापुढे, भरल्याशिवाय चालणार नाही, अशी फुली मीच टाकली आहे.

मी लिहिलं, 'तांत्रिक कारण.'

"सार, आपने ही बोला था. टेक्निकल रीझन बोले तो रीझन नहीं."

मी ते खोडलं. सगळे बघत होते, एक फोटोवाला फोटोही काढत होता. मी लिहिलं: नियम क्रमांक नऊ मी घातला, कारण मला उंचीची भीती वाटते.

एमडींनी फॉर्म घेतला आणि वाचला. परत वाचला. "मियाँ," ते हळूच म्हणाले, "डर तो मेरे को भी लगता. इसीलिए फोटोवालों को बुलाया, कि भाग नहीं सकूँ." आणि सही केली. त्यांचा फोन त्या वेळी खिशात होता.

आईनं फॉर्म मागून घेतला, वाचला आणि परत दिला. "मला माहीत होतं की," ती म्हणाली. "चौथीत असताना घंटेच्या ओट्यावर चढायला सुद्धा रडायचास. म्हणून तर म्हणाले मी, शेजारी बसते."

"तू माझ्यासाठी म्हणाली होतीस?"

"तुझ्यासाठी म्हणाले. पण मला बसायचंही होतं. खोटं कशाला बोलू."

बायकोनं पिशवीतून बुटांचं खोकं काढलं. तिनं ते कपाटावरून केव्हा उतरवलं, मला माहीत नाही. स्टूल मी धरलं नव्हतं. "लागतील असं वाटलंच होतं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आईचे रिपोर्ट पाहिले, दाब मोजला, उत्तम म्हणाले. माझा मोजला आणि भुवया उंचावल्या. मी आशेनं बघत होतो. "घाबरलाय तुम्ही," ते म्हणाले, "पाच मिनिटं बसा." पाच मिनिटांनी तोही उत्तम निघाला. शरीर असं ऐनवेळी दगा देतं.

मग आम्ही बसलो. पहिल्या सीटवर आई आणि मी, मागं बायको आणि एमडी. साखळी खटखट करत वर ओढू लागली. मी डोळे मिटले.

"उघड," आई म्हणाली. "माझ्या वर्गात डोळे मिटून कुणी बसलेलं मला चालत नव्हतं."

मी उघडले. खाली सगळे दगड, मग तळ्यासारखं काहीतरी, मग खूप दूर शहर, इतकं सपाट की नकाशाच. आईनं माझ्या मनगटाला धरलं होतं, शाळेच्या रस्त्यावर धरायची तसं. कळसावर गाडी क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि आई म्हणाली, "तांदळाच्या डब्याखालचा जास्त उंच होता." त्यानंतरचं मला सांगता येणार नाही, कारण मी तिथं असलो तरी हजर नव्हतो.

खाली उतरल्यावर यंत्रानं काढलेला फोटो मिळतो. त्यात आई ताठ बसली आहे, पदर खोचलेला, नजर समोर, पेपर तपासताना असते तशी. मागं बायको हसते आहे. एमडींनी तिच्या पर्सचा पट्टा धरला आहे. आईच्या शेजारी एक टक्कल दिसतं. पुण्याच्या ग्रुपवर मी तो फोटो टाकला, तेव्हा मेव्हण्यानं विचारलं, "छान. पण तुम्ही कुठं आहात?"

उद्घाटनाच्या आठवड्यात दुसऱ्या एका शहरातल्या पार्कनं जाहीर केलं की त्यांचा कोस्टर तीन शिळांमधून जाणार आहे. एमडींनी मला नवा विक्रम शोधायला सांगितलं आहे. मी शोधतो आहे.

फलकावरची नववी ओळ रंगाऱ्यानं पांढऱ्या रंगानं झाकली. पण सकाळचं ऊन तिरपं पडलं की खालची अक्षरं दिसतात, चारही भाषांत. लोक ऑपरेटरला विचारतात, इथं आधी काय लिहिलं होतं? ती त्यांना तळमजल्यावरच्या माझ्या केबिनकडे पाठवते. "सार से पूछो," म्हणते. "फॉर्म भी उन्हींके पास है."